मुंबईचा विमानतळ

पूर्वी खेड्यातला माणूस विमान पाही तो मान वर करून. आज त्याच खेड्यातली माणसे विमानात बसतात. कुणाचा मुलगा मुंबईला नोकरीला असतो, तो आईबापांना बोलावून घेतो. कुणाला दुखण्यासाठी मोठ्या इस्पितळात जायचे असते. नागपूरहून मुंबईला आगगाडीने जाताना रात्र काढावी लागते. विमान दीड तासात पोचवते. आजारी माणसाला इतका वेळ बसवत नाही, तेव्हा घरची मंडळी पदरमोड करून विमानाचे तिकीट काढतात. अशा वेळी विमान चुकले तर पैसा जातो आणि वेळही जातो. म्हणून तेथली रीत आम्ही येथे सांगत आहोत.

थोडी जुनी हकीकत

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे विमान आणले आणि मुंबईत जुहूला उतरवले. पुढे सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. तेथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत. गर्दी फार वाढली, म्हणून २०२५ साली नवी मुंबईत दुसरा विमानतळ सुरू झाला.

तेव्हा तिकिटावर आधी काय पाहावे? विमान कोणत्या विमानतळाचे, ते पाहावे. सांताक्रूझच्या विमानतळाच्याही दोन इमारती आहेत. एक आणि दोन असे त्यांचे नंबर आहेत. दोन्हींच्या वाटा वेगळ्या. एकीचा माणूस दुसरीकडे गेला, तर धावपळ ठरलेली.

निघण्यापूर्वी

आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र बरोबर घ्यावे. त्यावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव एकच हवे. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचावे. सामान देण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. एस.टी.ला हात दाखवून थांबवता येते, विमानाला नाही!

हातातल्या पिशवीत सुरी, विळी, कात्री ठेवू नये. चंचीतला अडकित्ताही नको. तो मोठ्या सामानात घालावा. आगपेटी तर कोणत्याच सामानात चालत नाही. सुके खोबरेही नेऊ नये. त्यात तेल असते, ते तापून पेट घेण्याची भीती असते. भाकरी, चटणी, दशम्या मात्र खुशाल न्याव्यात. तेथे चहा-फराळ फार महाग मिळतो.

आत गेल्यावर

दारावर शिपाई तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. पुढे विमान कंपनीच्या खिडकीवर मोठे सामान द्यावे. तेथे एक चिठ्ठी मिळते. तिला बोर्डिंग पास म्हणतात. तीवर विमानाचा नंबर, दरवाजाचा नंबर आणि बसण्याची जागा लिहिलेली असते. ती चिठ्ठी जपावी.

नंतर अंगझडती होते. ती सर्वांचीच होते, त्यात अपमान मानू नये. बायकांची झडती पडद्याआड बायकाच घेतात.

आता महत्त्वाची गोष्ट. एस.टी. स्टँडवर गाडी लागली की कर्ण्यावरून पुकारा होतो. मुंबईच्या या विमानतळावर प्रत्येक विमानाचा तसा पुकारा होत नाही. गोंगाट नको म्हणून तो बंद केला आहे. जागोजागी पाट्या असतात, त्या वाचायच्या. कधी कधी दरवाजाचा नंबर ऐनवेळी बदलतो. तोही पाटीवरच कळतो. जो पुकाऱ्याची वाट पाहत बसेल त्याचे विमान निघून जाईल.

म्हणून आपल्या चिठ्ठीवरचा विमानाचा नंबर पाटीवरच्या नंबराशी जुळवून पाहावा. त्यात एखादे इंग्रजी अक्षर असते. ते वाचता आले नाही तरी त्याचा आकार जुळवता येतो. अर्ध्या तासाने पुन्हा पाटी पाहावी. तुम्ही अक्षर शिकलात, त्याचा उपयोग इथे होतो.

सोयी कोणत्या?

पिण्याचे पाणी फुकट मिळते. रिकामी बाटली न्यावी आणि झडतीनंतर भरून घ्यावी. सामानासाठी ढकलगाडी असते. संडास, मुतारी असते. लेकुरवाळ्या बाईला मुलाला पाजण्यासाठी वेगळी खोली असते. सरकत्या जिन्याची भीती वाटली तर लिफ्टने जावे. जिन्यावर चढलाच तर धोतराचा सोगा आणि लुगड्याचा पदर सांभाळावा.

ज्याला चालवत नाही त्याला चाकाची खुर्ची मिळते आणि ती ढकलणारा माणूसही मिळतो. अपंग माणसाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. मात्र तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी, कंपनीला तसे कळवावे.

नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या विमानाला दोन तासांहून अधिक उशीर झाला, तर वेळेवर आलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणेपिणे द्यावे असा सरकारी नियम आहे. ते मागताना संकोच करू नये. ती भीक नव्हे.

मुंबईत उतरल्यावर

मोठे सामान सरकत्या पट्ट्यावर येते. पेट्या एकसारख्या दिसतात, म्हणून आपल्या पेटीला घरूनच रंगीत चिंधी बांधावी. बाहेर पडताच कुणी 'चला, स्वस्तात सोडतो' म्हणून हात धरील. त्याच्यामागे जाऊ नये. आधी पैसे भरून पावती देणारी टॅक्सीची खिडकी आतच असते. आता जमिनीखालून जाणाऱ्या मेट्रोची स्टेशनेही दोन्ही इमारतींजवळ झाली आहेत. मेट्रोचे भाडे टॅक्सीपेक्षा पुष्कळ कमी पडते.

आणि अनोळखी माणसाने 'एवढी पिशवी न्या' म्हटले, तर साफ नाही म्हणावे. पिशवीत काय आहे ते आपल्याला ठाऊक नसते, पण जबाब आपल्याला द्यावा लागतो.

विमानतळ मोठा असला तरी तो आपल्यासारख्या माणसांसाठीच बांधला आहे. अडले तर गणवेशातल्या माणसाला विचारावे. मराठीत विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.