वाढीव मोबदल्याची पेशी

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. पाण्याखाली आणि कालव्यांखाली धानाच्या बांध्या गेल्या, विहिरी गेल्या, गावठाणं उठली. म्हणून कोंढ्यापासून पवनीपर्यंतच्या या पट्ट्यात शेतकऱ्याची न्यायालयाशी ओळख मुख्यतः एका प्रकरणातून झाली: वाढीव मोबदला.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात त्याची वाट कलम १८ मध्ये होती. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा मान्य नसेल तर रक्कम हरकत नोंदवून उचलायची आणि मुदतीत अर्ज करायचा. मग प्रकरण भंडाऱ्याच्या दिवाणी न्यायालयात. तिथे शेजारच्या जमिनींची खरेदीखतं, सातबारा, संयुक्त मोजणीचा कागद बोलतो. विहीर मोजणीत नोंदवायची राहिली असेल, तर ती होती हे सिद्ध करण्यातच किती पेश्या जातात! त्या जुन्या कायद्याखालच्या प्रकरणात भाव वाढला की वाढीव रकमेवर ३० टक्के दिलासा रक्कम मिळते, शिवाय ताबा गेल्यापासून पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याज. व्याजाचा हा दर चांगला आहे, पण अर्जदार म्हातारा होऊन गेला आणि वारस उभे राहिले, तर त्या टक्क्यांचं त्याला काय? त्यातच सरकार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपिलाला गेलं, की पुन्हा वाट पाहणं.

तरीही या यंत्रणेतली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. १९८४ च्या दुरुस्तीने आलेलं कलम २८-अ. एकाच अधिसूचनेतल्या एका शेतकऱ्याला न्यायालयाने भाव वाढवून दिला, तर कलम १८ खाली न गेलेले इतर शेतकरीही तोच भाव मागू शकतात. वकील परवडला नाही, कायदा कळला नाही, अशा माणसांसाठीच ती आणली गेली. एकाच्या निकालाने अख्ख्या शिवाराचा विश्वास जागा व्हावा, अशी सोय आपल्या कायद्यात क्वचितच सापडते.

अडचण मुदतीची आहे. निकालापासून फक्त ३ महिने. प्रत मिळवायला लागलेले दिवस वगळले जातात, पण निकाल लागल्याचं गावाला कळवायचं बंधन कुणावर? २०१३ च्या नव्या कायद्यातही अशीच तरतूद कलम ७३ म्हणून ठेवली आहे, मुदतही तीच. अशा प्रत्येक निकालाची प्रत आठवड्याच्या आत त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि तलाठ्याने संबंधित खातेदारांना घरी जाऊन ती सांगितली पाहिजे.