वेलीचे हात कुठे असतात?

चला, एक पैज लावूया. अंगणात मांडीएवढा जाड सिमेंटचा खांब आहे. त्याच्या शेजारी वरून सोडलेली एक साधी सुतळी लोंबते आहे. दोघांच्या मधोमध कारल्याचं रोप वर आलंय. सांगा बघू, ते कशावर चढेल?

खांब म्हणालात? हरलात! कारल्याची वेल त्या खांबाला ढुंकूनही विचारणार नाही. ती सुतळी पकडेल आणि दोन-तीन आठवड्यांत तुमच्या डोक्याच्या वर जाईल. खांब कितीही दणकट असला तरी तो तिच्या मुठीतच मावत नाही.

मूठ म्हटलं की हात आले. कारल्याचे हात बघायला वेलीच्या शेंड्याकडची चार-पाच पानं निरखा. पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो, तिथेच एक हिरवा, दोऱ्याइतका बारीक तंतू निघालेला दिसेल. याला म्हणतात तणावा. कारल्याला आणि काकडीला एका ठिकाणी एकच साधा तणावा असतो. दोडक्याच्या तणाव्याला मात्र फाटे फुटतात. म्हणजे एकाच मनगटाला तीन-चार बोटं! म्हणूनच दोडक्याची वेल शेजारच्या तारेवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा सोडत नाही.

कोवळा तणावा स्वस्थ बसत नाही. त्याचं टोक हवेत हळूहळू गोल फिरत असतं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण पाठीमागे एक पुठ्ठा धरून टोकाच्या जागी पेन्सिलीने खूण करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा या. टोक खुणेवर नसेल. वेलीला डोळे नाहीत, त्यामुळे ती अंधारात चाचपडावं तशी आधार चाचपडत असते. चाचपडताना काही हाताला लागलं की काम फत्ते. जिथे स्पर्श झाला त्या बाजूची वाढ मंदावते, पलीकडची बाजू भरभर वाढते, आणि तणावा आपोआप त्या वस्तूभोवती वळतो.

वेलींच्या या हालचालींचा कसून अभ्यास कुणी केला माहितीये? उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन! अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी 1858 साली तणाव्यांच्या हालचालींवर एक टिपण लिहिलं होतं. ते वाचून डार्विनना वेलींचा नादच लागला. पुढे ते आजारी पडले, खोलीतून बाहेर जाता येईना, तेव्हा त्यांनी हॉप नावाच्या वेलीची कुंडी खोलीतच आणून ठेवली आणि दिवस-रात्र तिच्याकडे बघत बसले. गरम हवेत तिच्या शेंड्याला एक फेरी मारायला सरासरी 2 तास 8 मिनिटं लागतात, हे त्यांनी मोजून काढलं. आजारपणात नुसतं छताकडे बघत पडण्यापेक्षा हे बरं, नाही का? हे सगळं त्यांनी 1865 साली एका लांबलचक निबंधात छापलं. कृष्णकमळाच्या जातीतल्या एका वेलीचा तणावा नुसत्या स्पर्शाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाकायला लागतो, हेही त्यातच आहे. तुमच्या घरी कृष्णकमळ असेल तर काडीने तणाव्याची आतली बाजू हळूच घासून बघा. आपल्या वेलीला कदाचित जास्त वेळ लागेल, धीर धरा.

आता गंमत ऐका. डार्विननी कृष्णकमळाच्या जातीतल्या त्याच तणाव्यावर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. तणावा ढिम्म! खरंच आहे. पावसाच्या प्रत्येक थेंबाला मूठ आवळत बसला असता, तर आपल्याकडच्या आषाढात बिचाऱ्याचं काय झालं असतं?

टोकाने सुतळी पकडली म्हणजे काम संपलं असं नाही. मग तणाव्याचा मधला भाग पीळ घेऊ लागतो आणि त्याची स्प्रिंग बनते. अशी एखादी तयार स्प्रिंग जवळून बघा, भिंग असेल तर उत्तमच. अर्धे वेढे एका दिशेला, अर्धे उलट दिशेला, आणि मधे एक छोटा सरळ तुकडा, जिथे दिशा बदलते. असं का? एक रिबीन घ्या, तिची दोन्ही टोकं दोन मित्रांना घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही मधे पकडून पीळ घाला. एका बाजूला उजवा पीळ पडला की दुसऱ्या बाजूला डावा पडतोच. तणाव्याचं एक टोक खोडाला, दुसरं सुतळीला बांधलेलं. त्याचीही तीच गत. ज्या तणाव्याला काहीच सापडत नाही, तो एकाच दिशेने गुंडाळून घेतो आणि वाळून जातो. म्हणजे वाळलेला तणावा हातात घेऊन तुम्ही सांगू शकता की याला आयुष्यात आधार मिळाला होता की नाही!

2012 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काकडीचा तणावा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. आत चिवट तंतूंची एक पातळ पट्टी सापडली. तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते, म्हणून पीळ पडतो. जून तणावा ओढला की तो सुटण्याऐवजी आधी आणखी पीळ घेतो. वारा आला की वेल हेलकावे खाते, पण तुटत नाही, ती या स्प्रिंगांमुळे. म्हणून वेलीला दोरीने आवळून बांधू नका. बांधायचंच असेल तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या, एका कडीत वेल आणि दुसरीत काठी.

सगळ्याच वेलींना मात्र असे हात नसतात. घेवडा, चवळी, गोकर्ण, गुळवेल यांचं अख्खं खोडच आधाराभोवती वेढे घेत चढतं. यांना जाळीची गरज नाही. उभी काठी किंवा उभी ताणलेली सुतळी पुरते. आडव्या दोऱ्या यांच्या फारशा कामाच्या नाहीत. जगभरातल्या वेढे घेणाऱ्या वेलींची पाहणी झाली तेव्हा दहातल्या नऊपेक्षा जास्त वेली एकाच दिशेने वळताना आढळल्या: साध्या स्क्रूचे आटे वळतात त्या दिशेने. उत्तर गोलार्धात एक दिशा आणि दक्षिण गोलार्धात दुसरी, असं काही तरी तुम्ही ऐकलं असेल, तर ती निव्वळ थाप आहे. उलट दिशेने वळणाऱ्या थोड्या वेली मात्र आपल्या शेजारीच आहेत. कोकणात कुंपणाशी कोनफळ आणि करांदा दोन्ही लावतात. दोन्ही एकाच कुळातले, पण कोनफळाची वेल एका बाजूने वळते आणि करांद्याची बरोबर उलट! पानं बघून ओळखता आलं नाही, तर वेढे बघून ओळखता येतं.

तिसरी मंडळी चिकटणारी. नागवेल, मिरी, मनी प्लांट यांच्या पेरांवर बारीक मुळं फुटतात आणि ती खरखरीत, ओलसर सालीला धरून ठेवतात. यांना गुळगुळीत लोखंडी सळई देणं म्हणजे त्यांची चेष्टाच. मिरजेकडच्या पानमळ्यात शेतकरी नागवेलीसाठी शेवरी, शेवगा, हादगा अशी जिवंत झाडंच लावतात. झाडाचा आधारही मिळतो आणि पानांना हवी ती सावलीही. वेल खोडाला बांधायला लव्हाळा वापरतात. गोव्यातल्या कुळागरात मिरीची वेल पोफळीवर चढते. घरातल्या मनी प्लांटला काथ्या गुंडाळलेली काठी द्या आणि ती ओली ठेवा. त्याची पानं हळूहळू मोठी होतील. हेच मनी प्लांट बाहेर मोठ्या झाडावर चढलं की त्याचं पान ताटाएवढं होतं. बाटलीतून खाली लोंबणारं मनी प्लांट कायम लहान पानांचंच राहतं, कारण त्याला चढायलाच मिळत नाही.

आणि बोगनवेल? तिला हात नाहीत, मुळं नाहीत, वेढेही घेता येत नाहीत. फक्त काटे. काट्यांनी अडकत, इतरांच्या अंगावर रेलत ती वर जाते. कमानीवर चढवायची तर तिला जागोजागी बांधावंच लागतं. सह्याद्रीच्या जंगलातला वेतही असाच काट्यांनी ओढून घेत चढतो. पावसाळ्यात रानात फुलणारी कळलावी मात्र सगळ्यांपेक्षा वेगळी. तिच्या पानाचं टोकच लांब होऊन तणाव्यासारखं गुंडाळतं. ती विषारी आहे, तेव्हा लांबूनच बघा, कंदाला तर मुळीच हात लावू नका.

आता कामाला लागूया. कारलं, काकडी, दोडका यांच्यासाठी घरच्या घरी उभी ताटी करता येते. माणसाच्या उंचीपेक्षा थोडे लांब दोन बांबू घ्या आणि मोठ्या माणसाच्या मदतीने हातभर खोल पुरा. वर एक आडवा बांबू बांधा. झाला चौकोन? आता तो हलवून बघा. डुगडुगेल! का ते बघायला तीन काड्या टोकाशी बांधून त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन करा. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून ताटीला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात एक तिरका बांबू द्या, ती पक्की उभी राहील. गच्चीत कुंडी असेल तर तीन कामट्या कडेने खोचून वर एकत्र बांधल्या की झालं.

मग सुतळी. वरून खाली आणि आडवी, वीत-वीतभर अंतरावर. कारल्याचा तणावा साधारण वीतभर लांब होतो. अंतर जास्त ठेवलं तर त्याचं टोक हवेतच फिरत राहणार. घेवड्यासाठी नुसत्या उभ्या सुतळ्या. गावाकडे तुराट्या, पऱ्हाट्या मिळत असतील तर सुतळीचाही खर्च नको. त्या खरखरीत असतात, वेलींना फार आवडतात. बाजारात हिरवी नायलॉनची जाळीही मिळते. ती टिकते खरी, पण हंगाम संपल्यावर तिच्यातून वाळलेले तणावे सोडवताना नाकी नऊ येतात. माझं मत सुतळीलाच. वेल वाळली की सुतळीसकट सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात!

ताटी कुठे उभी करायची? बागेच्या उत्तरेच्या कडेला, पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावल्या उत्तरेला पडतात; त्यामुळे ताटीमागच्या सावलीत तुमची मेथी-कोथिंबीर सापडणार नाही. शिवाय पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. पानांनी भरलेली ताटी त्याच्या समोर आडवी आली तर मुळासकट आडवी होईल. वाऱ्याकडे तिची कड असू द्या.

शेतात मात्र दोडका, पडवळ, दुधी यांच्यासाठी बहुधा आडवा मांडव घालतात, डांब आणि तारांचा, खालून माणूस चालत जाईल एवढा उंच. वर पानं ऊन खातात आणि फळं खाली लोंबतात. लोंबणारं फळ आपल्याच वजनाने सरळ वाढतं. जमिनीवर लोळणारं वाकडं होतं, मातीला टेकलेली बाजू पिवळी पडते, कुजते. पडवळ फारच नाठाळ. त्याला सरळ करायला टोकाला दगड बांधतात, हे तुम्ही पाहिलंही असेल. वारा खेळता राहिला की पानं लवकर वाळतात आणि केवड्यासारखा रोगही कमी येतो. लाल भोपळ्याला मात्र सुतळीच्या जाळीवर चढवू नका. एकेक भोपळा काही किलोंचा! त्याला जमिनीवर पसरू द्या, नाहीतर गावात करतात तसा गोठ्याच्या छपरावर सोडा.

द्राक्षाच्या मांडवाखाली जायला मिळालं तर आणखी एक गंमत शोधा. द्राक्षाचा तणावा आणि द्राक्षाचा घड हे मुळात एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. त्यामुळे कधी कधी अर्धा तणावा आणि अर्धा घड असं काही तरी सापडतं, म्हणजे वेटोळं घेतलेल्या तंतूवर दोन-चार मणी.

ताटी बी पेरायच्या आधीच उभी करा. वेल वाढल्यावर बांबू पुरायला गेलात तर मुळं दुखावतात आणि कारलं-काकडीच्या कुळाला ते अजिबात खपत नाही. पहिला पाऊस पडला की आळं करून दोन-तीन बिया टोचा. वेल चढू लागली की एक वही घ्या आणि रोज एक तणावा बघा: त्याने काय पकडलं, पीळ कधी पडला, उजवीकडे किती वेढे आणि डावीकडे किती. आणि तुमच्या घराजवळ उलट्या दिशेने वळणारी एखादी वेल सापडली, तर तिचं चित्र काढून आम्हाला नक्की पाठवा.