धोंड हलण्यापूर्वीची पहाट

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भादली नावाचे एक लहानसे स्थानक आहे. ५ मे १९१८ रोजी तेथे रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच बालकवी, यांचा अंत झाला. धरणगावी जन्मलेल्या या कवीला तेव्हा अठ्ठाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी, १९०७ साली, जळगावच्याच कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली होती. त्या संमेलनाला उपस्थित असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे या मुलाला आपल्या नगरच्या घरी आणले, आणि काही काळ तो त्या घरातलाच एक होऊन राहिला. बालकवी गेल्याला जेमतेम वर्ष होते न होते तोच, ९ मे १९१९ रोजी, स्वतः टिळकही गेले. त्या घरात मागे राहिल्या त्या पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाई.

शोकाच्या प्रसंगी धर्मश्रद्धा माणसाला धीर देते, असे आपण सहजपणे म्हणून जातो. पण तो धीर नेमका कशाचा असतो? तो दुःख विसरायला लावतो, की दुःखासह चालायला शिकवतो? महाराष्ट्रातील ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात हा प्रश्न विचारायचा झाल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्याइतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. कारण ज्या श्रद्धेने त्यांना पुढे उभे केले, तिनेच आरंभी त्यांचे घर मोडले होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यात, सोवळ्याओवळ्याच्या पराकाष्ठेत त्या वाढलेल्या. नवरा जिवंत असून संसार संपलेला, पदरी लहान मुलगा, आणि समाजाच्या लेखी आपण नेमक्या कोण हे सांगण्याचीही सोय उरलेली नाही, अशी त्यांची स्थिती झाली. अन्नपाणी सुटले, मन थाऱ्यावर राहिले नाही. पुढची काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. अक्षरओळख बेताचीच असलेली ही स्त्री याच काळात पद्यरचना करू लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुःखाला वाट करून देण्याचे तेवढेच एक साधन तिच्या हाती होते.

त्यांचा पुढचा प्रवास चमत्काराचा नाही. मुलाला घेऊन त्या नगरला आल्या, तेव्हा टिळकांच्या जवळ असूनही आपला आचारविचार वेगळा सांभाळूनच राहिल्या. नंतर जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच झगडल्या. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, तर स्वतःला उत्तर मिळाले म्हणून त्यांनी सोवळे सोडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पतीच्या धर्मांतरापासून स्वतःच्या धर्मांतरापर्यंत पाच वर्षे लोटली. श्रद्धेकडून तत्काळ दिलाशाची अपेक्षा करणाऱ्यांनी ही पाच वर्षे मोजावीत.

हा काळही कसा होता? विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, 'छप्पन्याचा दुष्काळ' गुजरातेपासून खानदेश आणि दख्खनपर्यंत पसरला होता, आणि प्लेगच्या साथी तर १८९६ पासून गावेच्या गावे रिकामी करीत होत्या. टिळक दांपत्याने दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना आपल्या घरात आसरा दिला. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांना एके काळी परक्याचा स्पर्श विटाळ वाटत होता, तेच हात आता प्लेगच्या रोग्याच्या उशाशी होते. आशा म्हणजे काय याची व्याख्या त्यांनी कोठे केलेली नाही. पण ती कोठे सापडते हे या कामातून दिसते.

ख्रिस्ती धर्माच्या मध्यवर्ती कथेत या अनुभवाशी जुळणारा एक प्रसंग आहे, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. उत्तम शुक्रवारी येशूला क्रुसावर मृत्यू येतो आणि रविवारी त्याचे पुनरुत्थान होते, हे अख्रिस्ती वाचकालाही ठाऊक असते. या दोहोंमधल्या शनिवारविषयी मात्र शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. त्या दिवशी काहीच घडत नाही. शिष्य पांगलेले, गुरू कबरीत, कबरीच्या तोंडाशी धोंड. रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन निघतात. त्यांना पुनरुत्थानाची कल्पना नसते. मृतदेहाचे राहिलेले संस्कार पुरे करावेत, एवढ्याच हेतूने त्या निघालेल्या असतात. ती अवजड धोंड बाजूला कोण करणार, ही चिंता त्या वाटेवर एकमेकींजवळ बोलूनही दाखवतात. उत्तर कोणाजवळ नसते. तरी त्या परत फिरत नाहीत. या कथेतील आशा घरी बसून वाट पाहणाऱ्याला भेटत नाही. उरलेले कर्तव्य करण्यासाठी अंधारातच बाहेर पडलेल्या माणसाला ती वाटेवर भेटते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र याच दृष्टीने वाचता येते. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत त्यांचे आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पंचविशीच्या आत सारे कुटुंब गमावलेली ही विदुषी तान्ह्या मुलीसह एकटी उरली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि भुकेने रस्त्यावर आलेल्या मुलींना घेऊन आल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या १९०० च्या सुमारास दोन हजारांच्या घरात गेली होती. तेथे प्रार्थना होती, तशाच विहिरी होत्या, शेती होती, हातमाग होते आणि छापखानाही होता. १९२१ मध्ये मनोरमा ही एकुलती एक मुलगी गेली. तिच्याच हाती पुढे संस्था सोपवायची होती. रमाबाईंनी तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अर्थशास्त्रात 'अपेक्षा' हा शब्द फार महत्त्वाचा मानला जातो. पाऊस किती पडेल, कापसाला भाव काय मिळेल, कर्जावर व्याज किती चढेल, यांचा अंदाज बांधून माणूस आज निर्णय घेतो. अपेक्षेला आधार लागतो, आणि आधार सुटला की ती कोसळते. आशा ही वेगळी वस्तू आहे. हिशेब संपतो, जमाखर्चाच्या वहीत काहीच उरत नाही, तेथून तिचा आरंभ होतो. मनोरमेच्या मृत्यूनंतर रमाबाईंजवळ अपेक्षा बाळगण्याजोगे फारसे काही नव्हते. दुःखात देव आपल्याला टाकून जात नाही, क्रुसाच्या यातनेत तो स्वतःच उतरलेला आहे, ही श्रद्धा मात्र त्यांच्यापाशी होती. या श्रद्धेने त्यांचे मृत माणूस परत आणले नाही. दुसऱ्या दिवशी कामाच्या मेजाजवळ बसण्याचे बळ दिले.

यावर दोन आक्षेप संभवतात आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की दुष्काळात मिशनांनी जे साहाय्य केले त्याच्या जोडीला धर्मप्रसारही होता. भुकेल्या माणसाची संमती खरोखर मोकळी असते काय? हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो अप्रस्तुत नाही. तथापि, लक्ष्मीबाईंचे उदाहरण या आक्षेपात बसत नाही. त्यांना अन्नासाठी कोणापुढे धर्म बदलावा लागला नव्हता. उलट पाच वर्षे त्यांनी त्यास विरोधच केला. दुसरा आक्षेप असा, की हे बळ ख्रिस्ती श्रद्धेचीच मिरासदारी आहे काय? अर्थातच नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्यांनी शेतात आणि जात्यापाशी आपला विठ्ठल पाहिला आणि त्या उभ्या राहिल्या. खुद्द टिळकांनाही तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्त भेटला, असे ते मानीत. या मातीत श्रद्धेचे झरे एकमेकांत मिसळलेले आहेत. ख्रिस्ती परंपरेचे वैशिष्ट्य एवढेच, की तिने पराभवाचा क्षण, म्हणजे क्रूस, झाकून न ठेवता उपासनेच्या मध्यभागी ठेवला.

खानदेशाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वीडिश मिशनऱ्यांनी काम केले. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. सिकलसेल आणि क्षयरोग यांचे ओझे वाहणाऱ्या आदिवासी भागात अशा रुग्णालयाचा अर्थ प्रवचनापेक्षा अधिक कळतो. सिकलसेल हा जन्मापासून सोबत येणारा विकार. त्याच्या वेदनेचा झटका ज्या रात्री येतो, त्या रात्री खाटेजवळ कोणीतरी बसलेले असणे, हीच रुग्णाच्या दृष्टीने आशेची पहिली खूण असते.

आज जळगाव-धुळ्याच्या घराघरांत निराशेची कारणे कमी नाहीत. कपाशीचे पीक हातचे जाते, स्पर्धा परीक्षांच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर तरुण गावी परततो तो मान खाली घालून, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. अशा माणसाला 'देवावर भरवसा ठेव' असे सांगून आपली सुटका करून घेणे सोपे आहे. कर्जाचा प्रश्न कर्जव्यवस्थेनेच सोडवला पाहिजे, आणि परीक्षेचा नोकऱ्यांच्या उपलब्धतेने. श्रद्धा ही धोरणाची जागा घेऊ शकत नाही. परंतु धोरण येईपर्यंतचा जो शनिवार असतो, तो माणसाने एकट्याने काढू नये, एवढी व्यवस्था शेजारी, शिक्षक आणि कचेरीतील सहकारी करू शकतात. कबरीकडे निघालेल्या त्या स्त्रियाही एकेकट्या नव्हत्या.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले होते. थोडे अध्याय लिहून ते गेले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. त्याच उत्तरायुष्यात त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. १९३४ ते १९३६ या काळात ती प्रसिद्ध झाली. मराठीतील या श्रेष्ठ आत्मचरित्रात रडण्याचे प्रसंग पानोपानी आहेत, पण वाचक पुस्तक मिटतो तो बहुतेकदा हसत. लक्ष्मीबाई टिळकांवर हसतात आणि त्याहून अधिक स्वतःवर. ज्याने अंधार पुरता पाहिला आहे आणि ज्याला आता त्याचे भय उरलेले नाही, त्याचेच असे हसू असते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' त्यानंतर दोन वर्षांनी छापून निघाले. ते ग्रंथरूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तरीही अध्यायामागून अध्याय त्या लिहीत राहिल्या होत्या.