स्वीडनमधील ‘तू’

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्वीडनमध्ये परक्या माणसाशी बोलावयाचे म्हणजे प्रथम त्याचा हुद्दा ठाऊक असणे अगत्याचे असे. कारण मध्यमपुरुषी सर्वनाम कटाक्षाने टाळून, समोर उभ्या असलेल्या डॉक्टरलाच ‘डॉक्टरसाहेब कॉफी घेतील काय?’ असे तृतीयपुरुषी विचारण्याचा तेथील शिष्टाचार होता. ‘नी’ हे अनेकवचनी सर्वनाम उपलब्ध होते खरे, परंतु ते बहुधा बिनहुद्द्याच्या माणसाला उद्देशून योजले जात असल्याने, आपल्या ‘तुम्ही’सारखे दिसत असूनही, त्याला आदराऐवजी उपमर्दाचाच वास येई. हुद्दा अज्ञात असला म्हणजे मग कर्मणी प्रयोगाचा आश्रय: ‘कॉफी घेतली जाईल काय?’ ही कसरत नुसती वाचूनच आपली दमछाक व्हावी!

१९६७ साली वैद्यकीय खात्याच्या प्रमुखपदाची सूत्रे स्वीकारताना ब्रूर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार असल्याचे जाहीर केले आणि ही सुधारणा त्यांच्याच नावाशी निगडित झाली. वस्तुतः समतेच्या राजकारणाने जमीन आधीच नांगरून ठेविली होती, व कोणत्याही सरकारी फर्मानावाचून थोड्याच वर्षांत विद्यार्थी प्राध्यापकाला आणि पत्रकार पंतप्रधानाला एकेरीत संबोधू लागले. राजाला मात्र आजही औपचारिक प्रसंगी ‘राजे’ असे तृतीयपुरुषीच संबोधितात. अलीकडे दुकानांतील काही तरुण विक्रेते गिऱ्हाइकाला पुन्हा ‘नी’ म्हणू लागले असून, त्यांनी आदरार्थ योजिलेला तो शब्द कित्येक वयस्कांना अद्याप बोचतो.