आमच्या वसाहतीतले रामायण

बँकेची नोकरी पत्करली की बदलीशी लग्न लागते, असे माझे वडील म्हणत. त्यांच्या बाबतीत हे लग्न चांगलेच टिकले. १९८६ साली त्यांची बदली साताऱ्याहून इंदूरला झाली आणि आई, मी, धाकटी बहीण व आजी असे आम्ही सारे, पितळी डबे गोणपाटात गुंडाळून, बँकेच्या कर्मचारी वसाहतीत दाखल झालो. तळमजल्यावरचे घर आजीच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम मागून घेतले होते. होळकरांच्या त्या नगरीत मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नव्हते. वसाहत मात्र भारताच्या नकाशासारखी होती. बारा बिऱ्हाडे आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून येणाऱ्या फोडण्यांचे बारा वास! वरच्या मजल्यावर कलकत्त्याचे एक गृहस्थ राहत. त्यांना सारी वसाहत ‘बाबूमोशाय’ म्हणे. समोरच्या घरात केरळातील एक अधिकारी होते. त्यांच्या पत्नी एका रुग्णालयात परिचारिका होत्या, म्हणून त्या सर्वांच्याच ‘सिस्टर’.

रविवारची सकाळ वडिलांनी बुद्धिबळाला वाहिलेली असे. नऊच्या ठोक्याला बाबूमोशाय पट घेऊन खाली येत आणि आईने पोहे दोनदा गरम करीपर्यंत उठत नसत. हा परिपाठ मोडला तो २५ जानेवारी १९८७ रोजी. त्या रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि पुढचे दीड वर्ष आमचे घर आमचे राहिले नाही.

वसाहतीत त्या वेळी दूरचित्रवाणी संच दोनच होते. आमचा चौदा इंची, कृष्णधवल, दिवाळीला बँकेतून घेतलेल्या सणाच्या उचलीतून आलेला. पण तो तळमजल्यावर होता आणि त्याच्यासमोर आजी होती, ही दोन कारणे गर्दी जमायला पुरेशी होती. आजी नऊ वाजताच स्नान उरकून संचासमोर पाट मांडी. संचाच्या लाकडी खोक्यावर एक फूल ठेवी. वडील म्हणत, “आई, आत राम नाही, व्हॉल्व्ह आणि तारा आहेत.” आजी शांतपणे उत्तर देई, “देव्हाऱ्यात तरी काय, पितळच आहे ना?”

वडील नास्तिक नव्हते. पण देवाने रविवार सकाळ सोडून इतर कोणत्याही वेळी यावे, असे त्यांचे मत होते. निषेध म्हणून ते संचाकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचीत बसत. मात्र अर्ध्या तासात एकदाही पान उलटलेले मी पाहिले नाही.

या साऱ्यात मला सर्वांत आवडे ती सुरुवातीची श्रेयनामावली. मालिकेचा आधार म्हणून तीत वाल्मीकी आणि तुलसीदासांबरोबर देशातील कितीतरी रामायणांची नावे दिलेली असत. त्यात आमच्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ होते, बंगालचे कृत्तिवास रामायण होते, तमिळ कंब रामायण होते, तेलुगू रंगनाथ रामायण होते, मल्याळम अध्यात्म रामायण होते. प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या नावाची वाट पाहत बसलेले असे. कृत्तिवासांचे नाव झळकले की बाबूमोशाय घसा खाकरीत. अध्यात्म रामायणाचे नाव आले की सिस्टर नमस्कार करीत. त्यांच्या माहेरी कर्किटक महिन्यात ते रोज वाचले जाई. एकनाथांचे नाव आले की आजी सर्वांकडे अशा मुद्रेने पाही, की जणू नाथांनी ग्रंथ आमच्याच ओसरीवर बसून लिहिला.

त्याच यादीत एक नाव उर्दूचेही होते. ब्रिजनारायण चकबस्त यांच्या उर्दू रामायणाचे. ते नाव आले की दाराशी खुर्ची टाकून बसलेले शेठजी हळूच म्हणत, “लो, हमारा भी नंबर आ गया.”

शेठजी वसाहतीतले नव्हते. सियागंजात त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. ते बोहरा समाजाचे होते. पांढरी, सोनेरी किनारीची टोपी घालत आणि रोज संध्याकाळी वडिलांच्या खिडकीवर गल्ला भरायला येत. त्यांच्या घरी रंगीत संच होता. तरीही ते दर रविवारी आमच्याकडचे राखाडी रामायण पाहायला स्कूटरवरून येत. पहिल्या दिवशी त्यांनी कारण सांगितले ते असे, की मालिकेत दारासिंग आहेत असे वाचले आहे. ते कधी येणार, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. दारासिंग हे शेठजींचे तरुणपणापासूनचे दैवत. ‘किंगकाँग’, ‘फौलाद’ हे त्यांचे चित्रपट शेठजींनी किती वेळा पाहिले याचा हिशेब त्यांच्या चोपडीतही नसेल. १९७६ च्या ‘बजरंगबली’मध्येही दारासिंगच हनुमान झाले होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितले.

आजीला प्रत्येक चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ वाचण्याची सवय. त्यामुळे कथेचे वेळापत्रक तिला पाठ. शेठजी दर आठवड्याला विचारीत, “माँजी, आज आएँगे?” आजी तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगे, “अभी कैसे? अभी तो वनवास लगा नहीं.” पुढे वनवास लागला, भरत येऊन पादुका घेऊन गेला, सीतेचे हरण झाले आणि पहिल्या वर्षाचा बराच भाग उलटल्यावर एकदाचे दारासिंग आले. शेठजी उठून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी सगळ्या वसाहतीला जिलेबी खाऊ घातली. इंदुरात पोह्यांबरोबर जिलेबी असतेच, पण त्या दिवशी पोहे तोंडी लावण्यापुरते होते.

दाराबाहेर चपलांचा ढीग लागे. आजीला याचे फार अप्रूप, कारण १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाच्या खेळाला ती मुलगी असताना गेली होती, श्रद्धेने चपला बाहेर काढून आत बसली होती आणि अनवाणी घरी आली होती. “देव दिसला आणि वहाणा गेल्या,” असे ती सांगे. आमच्याकडे वहाणा जात नसत, बदलत. एका सोमवारी दुपारी शाखेत डबे उघडताना वडिलांच्या लक्षात आले की आपल्या उजव्या पायात बाबूमोशायांची चप्पल आहे. बाबूमोशायांच्या उजव्या पायात कोणाची होती, हे सांगायला नकोच. दोघांनीही सकाळपासून सहीच्या, नोटांच्या, शिक्क्यांच्या चुका धरल्या होत्या. ही मात्र दोन्ही बाजूंनी निसटली.

अशा हसण्या-खिदळण्यातच एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटत होती. ती एका रविवारी उघडी पडली.

त्या दिवशी ऐन साडेनऊच्या सुमारास संचाचा आवाज गेला. चित्र स्वच्छ होते. मालिकेपूर्वीच्या जाहिराती चालू होत्या. पडद्यावर कपडे धुण्याच्या पावडरीची पुडी हाती धरून एक बाई हसत होती. घड्याळाचे ठोके ऐकून आजीने मान लववली, हात जोडले आणि त्या बाईला भक्तिभावाने नमस्कार केला. आम्ही मुले पोट धरधरून हसलो. मोठी माणसेही हसली. आजीही हसली, पण जरा उशिरा, आपण कशाला हसतो आहोत हे न कळता हसावे तशी.

शेठजी तेवढे हसले नाहीत. जाताना त्यांनी वडिलांना दाराशी थांबवले आणि हलक्या आवाजात सांगितले, “भिया, माँजी को दिखता नहीं है.”

मग सगळे आठवू लागले. आजी ‘रामविजय’ वाचीत नव्हती, पाठ म्हणत होती. पोथीची पाने अंदाजाने उलटीत होती. तांदूळ निवडायचे काम तिने हळूहळू बहिणीकडे सरकवले होते. इतके महिने ती मालिका पाहत नव्हती, ऐकत होती आणि तरीही सर्वांना कथा सांगत होती. सिस्टरनी दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजवा आधी करावा लागणार होता.

आजीने ठाम नकार दिला. तिच्या थोरल्या बहिणीचा डोळा जुन्या काळी अशाच शस्त्रक्रियेनंतर कायमचा गेला होता. वडिलांनी समजावले, रागावले, दोन दिवस अबोला धरला. त्यांनीच पूर्वी कधीतरी आजीला सांगितले होते, की या मालिकेला संगीत देणारे रवींद्र जैन जन्मतःच दृष्टिहीन आहेत. आजीने तेच शस्त्र त्यांच्यावर उलटवले. “त्याचे अडले का कुठे डोळ्यांवाचून? मग माझे काय अडणार आहे?” यावर वडिलांकडे उत्तर नव्हते.

उत्तर बाबूमोशायांनी दिले. एका संध्याकाळी पट बाजूला ठेवून ते आजीजवळ बसले आणि त्यांनी कृत्तिवासांची कथा सांगितली. रावणाशी युद्ध करण्यापूर्वी रामाने दुर्गेची पूजा मांडली. एकशे आठ नीलकमळे वाहायची होती. मोजताना एक कमी भरले, कारण देवीनेच परीक्षा पाहण्यासाठी ते लपवले होते. लोक मला कमलनयन म्हणतात, असे मनाशी म्हणत रामाने बाण उचलला आणि स्वतःचा डोळा काढून वाहायला निघाला. तेव्हा देवीने त्याचा हात धरला. ही कथा आजीच्या ‘रामविजया’त नव्हती. तिने ती दोनदा सांगायला लावली. बाबूमोशाय शेवटी म्हणाले, “माँ, रामजी तर डोळा द्यायलाच निघाले होते. तुम्ही डॉक्टरांना तो अर्धा तास उसना द्यायचा आहे. बँकेची माणसे आहोत आम्ही, परतफेडीची हमी घेतो.”

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “राज्याभिषेकापर्यंत परत मिळेल का?”

१९८८ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली. आजच्यासारखे सकाळी जाऊन दुपारी घरी येण्याचे ते दिवस नव्हते. डोळ्यात टाके, वर जाड पट्टी, वाकायचे नाही, खोकायचे नाही आणि सिस्टरची विशेष ताकीद म्हणजे हसायचे नाही. नेमका पुढच्या रविवारी कुंभकर्ण उठायचा होता! आजी भिंतीला टेकून बसली, आणि पडद्यावर काय चालले आहे ते सांगण्याचे काम सर्वांनी वाटून घेतले. बाबूमोशाय कुंभकर्णाच्या जेवणाचे वर्णन करू लागले तेव्हा ते लंकेतून थेट कलकत्त्याच्या लग्नाच्या पंगतीत जाऊन पोहोचले. शेठजींनी ढोल वाजवणाऱ्यांचा आकडा दुकानातला माल मोजावा तसा सांगितला. वडील संचाकडे पाठ करून बसले होते ते वळले आणि चक्क म्हणाले, “आई, तो आपल्या मुख्य कार्यालयासारखा झोपला आहे. कितीही पत्रे पाठवा, हलत नाही.” आजीने पदराचा बोळा तोंडात धरला. सिस्टर संतापून सगळ्यांना बाहेर घालवू लागल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हते.

टाके सुटले नाहीत. ३१ जुलै १९८८ रोजी अठ्ठ्याहत्तरावा, म्हणजे शेवटचा भाग लागला तेव्हा आजीच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा होता. रामाचा राज्याभिषेक तिने डोळे भरून पाहिला. नंतर म्हणाली, “राम चांगला आहे, पण मी ऐकत होते तेव्हा जरा सावळा होता.”

कथा तिथे थांबणे अनेकांना मान्य नव्हते. जालंधरच्या सफाई कामगारांनी तर पुढची उत्तरकथा दाखवावी म्हणून संप केला आणि ती पुढे आलीही. पण त्याआधी, २ ऑक्टोबर १९८८ ला, बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले. शेठजी आपल्या जागेवर येऊन बसले. आजी आता नावे स्वतः वाचीत होती, मोठ्याने, एकेक अक्षर लावून, शाळेतल्या मुलीसारखी. संवादलेखकाचे नाव येताच ती थबकली आणि वळून म्हणाली, “शेठजी, राही मासूम रज़ा! इस बार तो पूरा तुम्हाराच नंबर है.” शेठजींनी टोपी सारखी केली. “माँजी, अब आप पढ़ने लगीं, तो हमारा क्या काम?” असे म्हणाले खरे; पण पुढचा रविवारही त्यांनी चुकवला नाही.

पुढच्या वर्षी वडिलांची पुन्हा बदली झाली. आजी १९९६ साली गेली. शेठजीही आता नाहीत.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते, पुण्यात माझ्याकडे. बाबूमोशाय कोलकात्यात मुलीकडे. रोज सकाळी नऊ वाजता दोघे फोन लावून ठेवीत आणि आपापल्या पडद्यासमोर बसत. समोर रंगीत, भिंतभर संच. वडील या वेळी त्याच्याकडे तोंड करून होते. कोलकात्याचे चित्र आमच्यापेक्षा तीन-चार सेकंद मागे असे, त्यावरूनही वाद. “तुमचे कृत्तिवास आमच्याकडे येऊन गेले,” वडील चिडवत. “थांब, थांब, अजून आले नाहीत,” पलीकडून आवाज येई.

एकेक नाव सरकत गेले. चकबस्तांचे नाव आमच्या पडद्यावर आले तेव्हा वडील काही बोलले नाहीत. तीन-चार सेकंदांनी तिकडचाही आवाज थांबला. मग बाबूमोशायांनी घसा खाकरला.

“तुझा उंट अडकला आहे,” ते म्हणाले. “काल रात्रीपासून. चाल कर.”