मांजरीचे टाके आणि आपली औषधपेटी

मांजरीची नसबंदी झाली, की पुढील दहा ते चौदा दिवस तिची देखभाल बहुधा घरातील ज्येष्ठांकडेच येते. जुन्नर-आंबेगावात उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर असतो. तेथे मांजरीला रात्री मोकळे सोडणे एरवीही धोक्याचेच. टाके असताना तर तिला दिवसाही खोलीतच ठेवावे. उड्या मारल्याने टाके उसवतात आणि जखमेवर माशा बसल्यास अळ्या पडतात.

जखम दिवसातून दोनदा केवळ पाहावी. ती कोरडी राहावी म्हणून मांजरीला आंघोळ घालू नये. चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातील कॉलर काढू नये. हळद, तेल किंवा डेटॉल लावू नये. सर्वांत महत्त्वाचे, ती कण्हते म्हणून आपल्या पेटीतील पॅरासिटामॉल देऊ नये. मांजरीच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते.

रक्त, पू, दुर्गंधी, वाढती सूज दिसल्यास किंवा दुसऱ्या दिवशीही तिने अन्न न घेतल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. हाताळताना ती चावली वा ओरखडली, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन आपणही डॉक्टरांकडे जावे.