थार उचलण्याआधी टायरचा हिशेब करा

आमच्या भाच्याने यंदा थार घेतली. घरात मिठाई वाटली गेली, नानीने गाडीवर दम केला. पंधरा दिवस होत नाहीत तोच तो मोबाईलवर एक कोटेशन घेऊन आमच्याकडे हजर झाला. तीन इंचांचे लिफ्ट किट, वीस इंची काळे अलॉय आणि त्यावर तेहतीस इंची मड टायर. "मामू, एकदम भारी दिसेल ना?" असे त्याने विचारले. भारी दिसेल, यात वादच नाही. पण त्या गाडीत मागच्या सीटवर त्याची अम्मी बसणार आहे. शिवाय आम्ही पडलो शाळामास्तर, शेकडेवारीचे गणित दिसले की हात शिवशिवतात. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. त्या बैठकीत जे निघाले ते इथे मांडत आहोत, कारण आज आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी थार, जिम्नी किंवा गुरखा उभी असते आणि तिच्या भोवती असाच सल्ला देणारे चार जण.

सुरुवात टायरवरच्या आकड्यांपासून करू. २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारच्या वरच्या मॉडेलवर २५५/६५ आर १८ असे लिहिलेले असते. यात २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही उंची नाही, ती शेकडेवारी आहे. रिमपासून जमिनीपर्यंतची रबराची भिंत ही रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिमी. १८ म्हणजे रिमचा व्यास, हा मात्र इंचांत. एकाच ओळीत तीन वेगळी मापे, म्हणूनच घोटाळा होतो. आता रिमचे १८ इंच म्हणजे ४५७ मिमी, त्यात भिंत वर आणि खाली अशी दोनदा मिळवली की पूर्ण चाकाची उंची ७८९ मिमी येते. साधारण ३१ इंच. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशेब याच्यावर आहे.

तेहतीस इंची टायर म्हणजे ८३८ मिमी. फरक ४९ मिमीचा. आणि इथेच बहुतेक मुलांची गफलत होते. चाक ४९ मिमीने वाढले तरी गाडीचा आस त्याच्या निम्म्यानेच वर जातो, कारण आस चाकाच्या मधोमध असतो. म्हणजे २५ मिमी, जेमतेम एक इंच.

मग लिफ्ट किट काय करते? ती स्प्रिंगच्या वरची बॉडी आणि चेसिस उचलते. थारला मागे आडवा अखंड अॅक्सल आहे, त्याच्या मध्ये डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लटकतो. दगडाला सर्वांत आधी तोच लागतो. तीन इंच लिफ्ट टाका नाहीतर सहा इंच, तो गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो, कारण तो स्प्रिंगच्या खाली, चाकाला जोडलेला आहे. त्याला वर नेण्याचे काम फक्त टायर करतो. म्हणजे त्या कोटेशनमध्ये माणसे चार इंच वर जाणार होती आणि गाडीचा सर्वांत खालचा अवयव एक इंच. भाचा हे ऐकून थोडा वेळ गप्पच बसला.

लिफ्टचा उपयोगच नाही असे नाही. चढाच्या पायथ्याशी बंपर घासत नाही, दोन चाकांच्या मधले पोट उंचवट्यावर टेकत नाही आणि मोठ्या टायरला मडगार्डच्या आत जागा मिळते. पण ही जागाही पूर्ण वेळ मिळत नाही. खड्ड्यात सस्पेन्शन दबले की चाक पुन्हा जुन्या ठिकाणी, कमानीच्या आत शिरते. दुकानासमोर सपाट जागेवर न घासणारा टायर घाटातल्या पहिल्या वळणावर घासतो तो यामुळे.

उंचीची किंमतही मोजावी लागते. गाडीचा भार वर गेला की वळणावर ती जास्त कलते, अचानक स्टिअरिंग मारले की उलटण्याचा धोका वाढतो. थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्यामुळे उचलल्यावर पुढच्या चाकांना ताकद देणारे दांडे तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि सांधे लवकर झिजतात. दोन इंचांच्या पुढे हा त्रास चांगलाच जाणवतो. लिफ्टनंतर चाकांचे अलाइनमेंट करावेच लागते. हेडलाइटचा झोतही खाली बसवून घ्यावा लागतो, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. उंच गाडीचा झोत समोरच्या स्कूटरवाल्याच्या थेट डोळ्यात जातो. आपण हुकूकुल इबादवर बयान ऐकतो, तर रस्त्यावरचा तो स्कूटरवाला त्यातच येतो.

आता रिम. इथे आमचे मत पक्के आहे: वीस इंची अलॉय हे लग्नाच्या वरातीसाठी ठीक, चिखलासाठी नाही. तेहतीस इंची टायरमध्ये वीस इंची रिम बसवली तर रबराची भिंत उरते १६५ मिमी. तेवढ्याच टायरमध्ये सतरा इंची रिम असेल तर भिंत २०० मिमीच्या पुढे जाते. वाळूत किंवा ओल्या तांबड्या मातीत उतरताना हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. पसरायला रबर हवे. भिंत आखूड असेल तर दगडाचा मार थेट रिमच्या कडेला बसतो, अलॉय तडकतो. (हवा कमी केली तर पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा भरायची. कमी हवेवर हायवेला पळवलेला टायर तापून फुटतो, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा.)

कंपनीला हे माहीत नाही असे थोडेच आहे. त्याच थारच्या खालच्या मॉडेलला कंपनीने सोळा इंची साध्या लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६ टायर दिला होता. हिशेब करून पाहा: भिंत १८४ मिमी, पूर्ण उंची ७७४ मिमी. म्हणजे चाक वरच्या मॉडेलपेक्षा १५ मिमीने लहान, पण रबर १८ मिमीने जास्त. दिसायला साधा, कामाला खमका. लोखंडी रिम वाकली तर हातोड्याने ठोकून निदान घरी तरी पोहोचता येते.

रिम घेताना तिचा ऑफसेट विचारा. रिम आसाला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, तो हा आकडा. तो बदलला की चाक बाहेर सरकते. गाडी रुंद आणि दणकट दिसते, पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि चिखल दारांवर उडतो. ऑफसेट जमत नाही म्हणून मध्ये स्पेसर टाकून देण्याचा सल्ला मिळाला, तर त्या दुकानातून उठून यावे.

मोठ्या चाकाचा परिणाम मीटरवरही होतो. ७८९ वरून ८३८ म्हणजे सहा टक्क्यांची वाढ. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ ने पळत असेल. इंजिनला प्रत्येक फेरीत जास्त अंतर ओढावे लागते, म्हणून पिकअप मंदावतो, चढावर क्लच जास्त तापतो, मायलेज पडते. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि ब्रेक मात्र जुनेच असतात. म्हणून जाणते टायरवाले मूळ उंचीपेक्षा तीन टक्क्यांच्या आत राहायला सांगतात. थारच्या बाबतीत ही मर्यादा ८१२ मिमीच्या आसपास येते. २६५/६५ आर १८ ची उंची ८०२ मिमी होते, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि एक चाक दगडावर चढवून घासते का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आकड्यांच्या शेवटी एक संख्या आणि एक अक्षर असते, तेही वाचा. संख्या एका टायरचा भार सांगते: १०४ म्हणजे ९०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो. अक्षर वेगाचे असते: क्यू म्हणजे ताशी १६० किमीपर्यंत, एस म्हणजे १८०. भाराचा आकडा कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा कमी चालणार नाही.

आणि स्टेपनी! चार टायर बदलून पाचवा जुनाच ठेवण्याची काटकसर अनेक जण करतात. फोर बाय फोर लावलेले असताना एक चाक लहान असेल तर गिअरबॉक्सपासून अॅक्सलपर्यंत सगळ्या सांध्यांवर ताण येतो. टायर पाचही एकाच मापाचे हवेत. थारची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते, फार जड टायर लावला तर त्या दाराच्या बिजागऱ्याही कुरकुर करू लागतात.

कायद्याची बाजूही सांगायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा न कळवलेली लिफ्ट किट त्याला पहिल्या नजरेत दिसते, मग क्लेम अडकतो. म्हणून काही बदलायचे असेल तर आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारा, लेखी विचारा. ऊंट बांधून मग तवक्कुल करण्याची गोष्ट आपण मुलांना मदरशात शिकवतोच.

भाच्याने शेवटी काय केले? त्याला आम्ही एकच प्रश्न विचारला होता, वर्षातून किती दिवस गाडी खरोखर कच्च्यावर जाणार? त्याने बोटे मोजली. पावसाळ्यात आजोळच्या वाडीचा रस्ता, एखाद-दोन ट्रेक, बाकी सारा हायवे आणि बाजार. लिफ्ट किट रद्द झाली, वीस इंची अलॉयही गेले. कंपनीच्याच मापात, कच्च्या-पक्क्या दोन्हींवर चालणारे एटी टायर त्याने सांगितले, पाच नग. उरलेल्या पैशांतून एक कॉम्प्रेसर आणि टोचनाचा पट्टा आला. काळ्या अलॉयचा फोटो मात्र अजून त्याच्या मोबाईलच्या स्क्रीनवर आहे.